नेहमीची गोळी मिळेनाशी झाली तर तुम्ही काय करता?

सायली_नौपाडा

गेली तीन वर्षे मी नैराश्यासाठी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी न्याहारीनंतर घेते. गोळी लागू पडली आहे, नोकरी सुरळीत चालू आहे, रात्री झोप लागते. त्यामुळे या गोळीचा विचार करण्याची वेळ माझ्यावर बऱ्याच दिवसांत आली नव्हती. गेल्या गुरुवारी पाकिटात चारच गोळ्या उरल्याचे लक्षात आले आणि नेहमीच्या दुकानात गेले, तर "पुढून मालच येत नाही, मार्केटमध्ये शॉर्ट आहे" असे उत्तर मिळाले. त्यानंतर दोन संध्याकाळी मिळून ठाण्यातली गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, जांभळी नाका आणि पाचपाखाडी अशी अकरा दुकाने झाली. कुठे ही कंपनी ठेवतच नाहीत, कुठे १०० मिलिग्रॅमची होती, तर एका ठिकाणी दुसऱ्या कंपनीची गोळी काढून दिली. पण तिचा रंग वेगळा, आकार वेगळा, आणि मला ती घेण्याचे धाडस झाले नाही.

डॉक्टर परगावी आहेत, मंगळवारी परततील. तोपर्यंत उरलेल्या गोळ्या पुरवण्यासाठी मी कालपासून एक दिवसाआड घेत आहे. आज दुपारी कार्यालयात मान वळवली की डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखे होत होते. दुसऱ्या कंपनीची गोळी चालते का? तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असल्यास तुम्ही काय केले, हे कृपया सांगावे.

तलावपाळीचा_बगळा

एक दिवसाआड घेऊ नका. बाकीचे जाणकार सविस्तर लिहितीलच, पण हे आजच थांबवा.

ऐरोली_लोकल

मला एस्सिटालोप्राम या नैराश्याच्याच दुसऱ्या गोळीच्या बाबतीत हा अनुभव आला आहे. दुकानदाराने १० मिलिग्रॅमची गोळी नाही म्हणून "हीच आहे, फक्त प्लस आहे" असे सांगून एक पाकीट हातावर ठेवले. घरी येऊन चष्मा लावून वाचले, तेव्हा त्या 'प्लस'मध्ये क्लोनाझेपाम असल्याचे कळले, म्हणजे झोप आणणारे आणि सवय लावू शकणारे औषध. ते न वाचता घेतले असते, तर दुसऱ्या दिवशी ठाणे–पनवेल गाडीत बसल्याजागी झोपून थेट पनवेलला उतरलो असतो. तेव्हापासून नावापुढच्या शेपटाकडे मी नावापेक्षा अधिक लक्ष देतो.

निसर्गप्रेमी_येऊर

विषयाला थोडे सोडून लिहितो, राग मानू नये. तीन तीन वर्षे गोळ्या कशासाठी घ्यायच्या? निसर्गानेच ही संधी दिली आहे असे समजून गोळी सोडून द्यावी आणि रोज पहाटे तलावपाळीला चार फेऱ्या माराव्यात. मन प्रसन्न राहते, हा स्वानुभव आहे.

सायली_नौपाडा

@निसर्गप्रेमी_येऊर, तलावपाळीला फेऱ्या मारतच मी अकरा दुकाने केली. मन अद्याप प्रसन्न झालेले नाही.

जुना_दुकानदार

मी कोपरखैरण्याला सव्वीस वर्षे औषधांचे दुकान चालवले, आता मुलगा पाहतो. 'शॉर्ट आहे' हे वाक्य मी स्वतः हजारो वेळा उच्चारलेले असल्यामुळे त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार मला आहे असे मानतो.

कंपनीचा माल आधी तिच्या गोदामात येतो. आपल्या भागासाठी ही गोदामे बहुतेक भिवंडीच्या बाजूला आहेत. तिथून तो स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, आणि स्टॉकिस्टकडून दुकानात येतो. या साखळीत कुठेही अडले तरी गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकू येते. कधी कारखान्यात कच्चा माल आलेला नसतो, कधी कंपनीने तेवढ्या एका मात्रेची गोळी बंद केलेली असते, कधी दुकानदाराची स्टॉकिस्टकडे उधारी थकलेली असते, आणि पुष्कळदा त्या दुकानात ती गोळी महिन्याला एकच जण मागत असल्यामुळे, मुदत संपून पडून राहील या भीतीने, दुकानदाराने ती मागवलेलीच नसते. 'मार्केटमध्ये नाही' आणि 'माझ्या फडताळात नाही' यांत फरक आहे, पण काउंटरवर गर्दी असताना तो कोणी समजावून सांगत बसत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, त्याआधीचा महिना आठवून पाहा. जुन्या करातला माल अंगावर पडू नये म्हणून सगळ्यांनीच साठा उतरवला होता आणि बीपीच्या साध्या गोळीसाठीही लोक दुकाने पालथी घालत होते. कारखाने त्या वेळी चालूच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे, एक कंपनी नाही म्हणून औषध नाही असे होत नाही. सर्ट्रालिन आपल्याकडे अनेक कंपन्या बनवतात. तुम्हाला हवे आहे ते औषध, आणि तुम्ही अकरा ठिकाणी मागितले त्याचे एक नाव.

सायलीताई, एक विचारू का? 'नेहमीचे दुकान' म्हणजे नौपाड्यातलेच का?

सायली_नौपाडा

नाही, काका. नेहमीचे दुकान मुलुंडला आहे. नौपाड्यातल्या आमच्या दुकानदाराला सासूबाई तीस वर्षांपासून ओळखतात, त्यामुळे तिथे ही चिठ्ठी मी कधी दाखवलीच नाही. अकरा दुकाने फिरले, पण ते एक तेवढे वगळले.

जुना_दुकानदार

वाटलेच होते. माझ्या दुकानातही मनाच्या गोळ्या घेणारे निम्मे लोक नेरूळ नाहीतर घणसोलीचे असत आणि कोपरखैरण्याचे लोक वाशीला जात. परिणाम असा, की कोणत्याच दुकानदाराला आपले कायमचे गिऱ्हाईक किती आहेत हे कळत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांचे मला पाठ असे, कोणाला किती तारखेला काय लागते ते. या गोळ्यांचे कधीच नव्हते.

रेडिंगकर

मूळचा चरईचा, सध्या इंग्लंडमध्ये. इकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या औषधाच्या १०, ३० आणि ४० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळेनाशा झाल्या होत्या, २० च्या मात्र मिळत होत्या. तेव्हा सरकारने प्रथमच 'गंभीर टंचाई'ची अधिकृत सूचना काढली आणि ४० ची एक नसेल तर २० च्या दोन देण्याची मुभा फार्मासिस्टला दिली, म्हणजे त्यासाठी पुन्हा डॉक्टरकडे जावे लागू नये. माझी पत्नी त्या वेळी ४० वर होती. तिला दुकानातच पाच मिनिटांत बदलून मिळाले, वर एक छापील कागद मिळाला. आपल्याकडे अशी काही सोय आहे का?

अर्धा_वकील

सोय तर नाहीच, उलट नियम कडक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार परिशिष्ट 'एच' मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरे काही, अगदी तोच घटक असलेली दुसरी तयार गोळीसुद्धा, दुकानदाराने परस्पर द्यायची नसते. प्रत्यक्षात काय चालते ते आपण सारे जाणतो.

मात्र कंपन्यांवरही बंधन आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ च्या परिच्छेद २१ प्रमाणे एखादे औषध बाजारातून काढून घ्यायचे असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकार तिला पुढे एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. तेव्हा सायलीताईंच्या कंपनीने सूचना दिली होती का, हे आधी तपासावे आणि दिली नसल्यास तक्रार करावी.

खारघर_सेक्टर१२

@अर्धा_वकील, परिच्छेद बरोबर, पण तो इथे लागू होत नाही. सहा महिन्यांची अट 'अनुसूचित' औषधांना आहे, म्हणजे जी राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून किंमत नियंत्रणाखाली आली आहेत त्यांना. २०२२ च्या यादीत नैराश्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्राम आणि फ्लुऑक्सेटिन आहेत, सर्ट्रालिन नाही. तेव्हा सर्ट्रालिनची एखादी कंपनी उद्या गुपचूप थांबली, तरी या परिच्छेदाखाली तिला जाब विचारता येणार नाही. टंचाईची तक्रार मात्र कोणत्याही औषधाबाबत करता येते. औषध किंमत प्राधिकरणाची 'फार्मा जन समाधान' ही व्यवस्था २०१५ पासून त्याचसाठी आहे.

अर्धा_वकील

मान्य. नाव 'अर्धा' वकील आहे, ते उगाच नाही.

पण उरलेला अर्धा भाग सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये असे आहे, की अत्यावश्यक यादीतील मानसिक आजारांवरची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी आरोग्य संस्थांमध्ये कायम आणि विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

कळवा_खाडी

हक्क आहे, पण त्यासोबत रांगही आहे. माझ्या मावशीचे औषध सरकारी रुग्णालयातून येते. सकाळी आठला केसपेपर काढायचा, तपासणी व्हायला अकरा वाजतात, मग औषधाच्या खिडकीवर पुन्हा उभे राहायचे. तरीही लिहून ठेवते, की तिच्या एस्सिटालोप्रामवर गेल्या दोन वर्षांत घरातून एक रुपया गेलेला नाही आणि ती रिकाम्या हाताने दोनदाच परतली. त्या दोन्ही वेळी आम्ही 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर जवळचे जनऔषधी केंद्र शोधले आणि तिथून घेतले.

पाचपाखाडी_ते_न्यूजर्सी

अमेरिकेतही हे घडले आहे. २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस इथल्या एफडीएने सर्ट्रालिनच टंचाईच्या यादीत टाकले होते. महासाथीत मागणी वाढली होती आणि कच्च्या मालाचीही ओढाताण होती. माझ्या फार्मसीने न विचारता दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. आधीची हिरवट होती, ही पांढरी आली. आठवडाभर मला वाटत राहिले, की काहीतरी बिनसले आहे. नंतर लक्षात आले, की त्याच आठवड्यात घरी बसून मुलांची शाळाही मीच घेत होते.

वाशीचा_मानसोपचारतज्ज्ञ

मी या संस्थळावर वाचक म्हणूनच येतो आणि इथे कोणालाही औषधाची मात्रा सांगत नाही, पण या धाग्यावर काही गोष्टी स्पष्ट करणे भाग आहे.

सायली यांना जे जाणवले, म्हणजे मान वळवताना डोक्यात वीज चमकल्यासारखे होणे, ते गोळी अचानक कमी केल्यामुळे होणारे परिचित लक्षण आहे. चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र आणि फार स्पष्ट स्वप्ने हीदेखील त्याच गटातली. याचा अर्थ आजार उलटला असा नव्हे आणि औषधाचे व्यसन लागले असाही नव्हे. सर्ट्रालिनचे रक्तातील प्रमाण साधारण २६ तासांत निम्म्यावर येते. रोज घेतली तर पातळी सपाट राहते. एक दिवसाआड घेतली की ती घसरते, चढते, पुन्हा घसरते. नैराश्याच्या इतर गोळ्यांपैकी व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच उतरते आणि पॅरोक्सेटिनही अशा बाबतीत कुप्रसिद्ध आहे, म्हणून त्यांची एक गोळी चुकली तरी काहींना संध्याकाळपर्यंत कळते. फ्लुऑक्सेटिन मात्र शरीरात कित्येक दिवस रेंगाळते, त्यामुळे त्याचे रुग्ण दोन दिवस विसरले तरी त्यांना बहुधा पत्ता लागत नाही. शेजारणीने चार दिवस गोळी घेतली नाही आणि तिला काही झाले नाही, या गोष्टीला म्हणूनच अर्थ नसतो. तिची गोळी कोणती होती, ते आधी विचारावे लागते.

त्याच औषधाची, त्याच मात्रेची, दुसऱ्या कंपनीची गोळी बहुतेकांना चालते; डॉक्टरांना कळवून ती घ्यावी. ५० ऐवजी २५ च्या दोन घेणे हा हिशेबही सरळ आहे. पण सर्ट्रालिनऐवजी त्याच गटातले दुसरे औषध घेणे ही वेगळी बाब आहे आणि ते दुकानाच्या काउंटरवर ठरवायचे नसते. तसेच एसआर, ईआर किंवा एक्सआर असे लिहिलेली गोळी वा कॅप्सूल फोडून, चुरून पुरवू नये, कारण दिवसभर हळूहळू सुटायचे औषध त्यामुळे एकदम सुटते.

डॉक्टर परगावी असले तरी फोनवर असतात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते ओळखीच्या रुग्णाला चिठ्ठी मोबाईलवर पाठवू शकतात. मंगळवारची वाट पाहू नका. आणि मन फारच खचले, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीतही बोलता येते.

घोडबंदरची_वैशाली

डॉक्टरसाहेबांच्या 'काउंटरवर ठरवायचे नसते' या वाक्याला आमच्या घरातले उदाहरण देते. आईचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाल्यावर तिला टॅमॉक्सिफेन चालू आहे. मध्यंतरी तिची नैराश्याची गोळी मिळेना, तेव्हा एका हितचिंतकाने "फ्लुऑक्सेटिन घ्या, कुठेही मिळते" असे सुचवले. सुदैवाने मी आधी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, की यकृतातील ज्या एन्झाइममुळे टॅमॉक्सिफेन कामाला लागते, त्यालाच फ्लुऑक्सेटिन अडवते. म्हणजे मनाची गोळी मिळाली असती आणि कर्करोगाची कमजोर पडली असती.

सानपाडा_निवृत्त

माझ्या बाबतीत उलट कारण आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मला नैराश्य आले, तेव्हा डॉक्टरांनी विचारपूर्वक सर्ट्रालिन निवडले. अशा रुग्णांमध्ये ते वापरण्याविषयीचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता, असे त्यांनी समजावून सांगितले होते. म्हणून मी ते बदलायला धजावत नाही आणि सरळ सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम भरून ठेवतो. डाळ-तांदूळ भरतो तशा. टंचाई आली काय नि गेली काय.

कळवा_खाडी

काका, क्षमा असावी, पण अशा साठ्यामुळेच इतरांना मिळत नाही. तुमच्या कपाटातली अठरा पाकिटे म्हणजे माझ्या मावशीसारख्या सहा जणांचा महिना आहे.

सानपाडा_निवृत्त

हिशेब चुकला आहे. माझे पाकीट पंधराचे असते, तेव्हा बाराच पाकिटे होतात. बाकी म्हणणे पोहोचले.

वाशीचा_मानसोपचारतज्ज्ञ

साठ्याबद्दल एक गोष्ट, काहीशी नाजूक. काही रुग्णांच्या घरी एका वेळी फार गोळ्या नसाव्यात, असे आम्ही मुद्दाम ठरवतो आणि घरच्यांनाही सांगतो. त्यामुळे सहा महिन्यांचा सल्ला सरसकट कोणी घेऊ नये. दोन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या मागवाव्यात, एवढी सवय बहुतेकांना पुरते. चार उरल्यावर शोध सुरू करणे मात्र उशिराचे आहे.

ऐरोली_लोकल

ऑनलाइन मागवण्याबद्दल कोणी लिहिले नाही. चिठ्ठीचा फोटो पाठवला की दोन दिवसांत येते, असा माझा अनुभव आहे. फक्त आमच्या सोसायटीचा सुरक्षारक्षक प्रत्येक पार्सल हलवून पाहतो आणि आत काय असेल याचा अंदाज मोठ्याने सांगतो.

जुना_दुकानदार

ऑनलाइनवाल्यांबद्दल माझे मत इथे लिहिण्याजोगे नाही.

एक उपयुक्त गोष्ट राहिली. दुकानात तुम्ही सहा गोळ्या मागितल्या की आम्ही पाकीट कात्रीने कापून देतो. त्या कापण्यात मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक बहुधा आमच्याकडच्या तुकड्यावर राहतो, तुमच्याकडे येतो तो नुसता चांदीचा कागद. टंचाईच्या दिवसांत माल इकडून तिकडून येतो, तेव्हा हे फार महत्त्वाचे असते. ज्या तुकड्यावर तारीख आहे तोच मागून घ्या. दुकानदार कुरकुर करेल, पण देईल.

सायली_नौपाडा

सर्वांचे आभार मानते आणि काय झाले ते लिहिते.

काल रात्री डॉक्टरांना संदेश पाठवला, तर त्यांचा दहा मिनिटांत फोन आला. एक दिवसाआड घेतल्याबद्दल आधी बोलणी खाल्ली. मग त्यांनी नवीन चिठ्ठी पाठवली, त्यात कंपनीच्या नावाऐवजी 'सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम' एवढेच ठळक लिहिले आणि खाली 'कोणतीही कंपनी चालेल, त्यात दुसरे औषध मिसळलेले नसावे' असे लिहून सही केली. ऐरोलीकरांचा 'प्लस'चा किस्सा मी त्यांना सांगितला होता.

आज सकाळी नौपाड्यातल्या त्या बाराव्या दुकानात गेले. दुकानात इतर दोघे होते, म्हणून मी पायरीवरच रेंगाळले. गर्दी सरल्यावर मोबाईल पुढे केला. त्यांनी चिठ्ठी वाचली, मागे गेले आणि दुसऱ्या कंपनीचे दहाचे पाकीट घेऊन आले. "दर महिन्याला लागते का? सांगून ठेवा, तीन पाकिटे बाजूला काढत जाईन. उरलेली दोन संध्याकाळच्या गाडीने येतील," एवढेच बोलले. पाकीट वर्तमानपत्राच्या पिशवीत घातले, पिशवीचे तोंड मी न सांगता दोनदा दुमडले आणि सुटे पैसे मोजू लागले. सासूबाईंची चौकशी केली, ती गुडघेदुखीची.

नवी गोळी फिकट निळी आहे. घेतली. डोक्यातली वीज अजून आहे, कालपेक्षा कमी.

जुना_दुकानदार

छान झाले. संध्याकाळच्या दोन पाकिटांची आठवण दुपारीच फोन करून द्या, नाहीतर गाडी रिकामी येते. आणि मुदत पाहिलीत का?

सायली_नौपाडा

पाहिली, काका. पाकीट अखंड आहे, तारीख माझ्याचकडे आहे. अजून चौदा महिने आहेत.